शेवटचं सव्वा मिनिट

इल्पोच्या घरी ब्रॉडबँड आलं त्या डिसेंबरात
केमियार्वीचं तळं गोठून तीन आठवडे झाले होते.
मी पंधरा वर्षांचा, समोरच्या घरातला,
चॅटवरून फाइल वाटायची कशी
हे आमच्या रस्त्यावर माहीत असलेला
एकटाच.

लाकडाच्या गिरणीतून निवृत्त झालेला माणूस.
टेबलावर कॅसेटी, प्रत्येकीवर तारीख आणि उणे किती अंश.
आत नुसता बर्फ:
रात्री तळं आवळत जातं तेव्हाची लांबची शीळ,
मग ताणलेल्या तारेवर काठी मारावी तसा टणत्कार.
"हे कुणाला हवं असेल का?"
मी म्हणालो, चॅटवर कुणालाही काहीही हवं असतं.

एक कॅसेट काँप्युटरवर उतरवली.
मग सगळं त्याला दोनदा सांगावं लागलं.
घराला दोन पत्ते असतात, आतला आणि बाहेरचा.
चुकून आतला दिलास
तर घ्यायला आलेला माणूस
स्वतःच्याच घराचं दार वाजवत बसतो.
इल्पो हसला. राइया हसली नाही.

पाच हजारपासून पाच हजार दहापर्यंत पोर्ट उघडे.
"अकरा दारं? ह्या थंडीत?" राइया म्हणाली.
एका वेळी तिघांना द्यायचं, बाकीचे रांगेत.
रांग दहाची. (इल्पोला वीसची हवी होती.)
अपलोडला लगाम, नाहीतर राइयाची मेल अडकते.
आपोआप झोपी जाणं बंद.
पंख्यावर टाकलेला टॉवेल मी काढला,
तिनं परत टाकला,
मी परत काढला.

चॅनेलवर दर वीस मिनिटांनी एक ओळ पडायची:
क्रमांक एक, बर्फ, एक्केचाळीस मिनिटं,
अडतीस एमबी, शून्य वेळा नेलं.

नऊ दिवस शून्य.
दहाव्या दिवशी मीच घेतली, दुसऱ्या नावानं,
रस्त्यापलीकडून,
जी कॅसेट तो मला हातात देऊ शकला असता.
शून्याचा एक झाला.
त्या संध्याकाळी राइयानं वेलचीचा पाव कापला
आणि इल्पो त्या अनोळखी माणसाबद्दल
इतकं भरभरून बोलला
की माझा घास घशातच राहिला.

जानेवारीत खरा आला.
नाव मारेझिया, ब्राझीलमधून, सेकंदाला तीन केबी.
बर्फाला आवाज असतो? त्यानं विचारलं.
इल्पोनं एका बोटानं टाइप केलं: हो.
बराच वेळ कर्सर लुकलुकत राहिला.
मग: थांब, ऐकशील.
साडेतीन तास आम्ही आकडा बघत बसलो,
किटलीभर कॉफी संपली, दुसरी झाली,
सत्त्याण्णव टक्क्यांवर आकडा थांबला.
खाली लाल अक्षरांत: कनेक्शन तुटलं.

"येईल. तुटलं तिथूनच पुढं घेता येतं ना?"
येतं. ती सोय मीच लावली होती.
अकरा दिवस त्यानं मशीन बंद केलं नाही.
विंडोज रीस्टार्ट मागत राहिलं, तो नाही म्हणत राहिला.
एकदा रात्री वीज गेली
तर पहाटे चार वाजता आमचं दार वाजलं,
बूट उलटसुलट, हातात टॉर्च:
"चालू झालंय, पण पोर्ट उघडे आहेत का ते बघ."

मला माहीत होतं, आणि मी बोललो नाही:
असली फाइल सत्त्याण्णव टक्क्यांवरही नीट वाजते.
त्या माणसानं ती केव्हाच ऐकली असेल,
संपली असं समजून
बाजूला ठेवली असेल.

ती कॅसेट आता माझ्याकडे आहे.
शेवटच्या सव्वा मिनिटात बर्फ नाहीच.
कुत्र्याच्या साखळीची खळखळ,
"चल, पुरे झालं",
कोरड्या हिमावर चार-पाच पावलं,
आणि बटण चाचपणारा
हातमोज्यातला हात.